अमरची झोळी आणि आजचा गेम

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत एकच वाक्य ऐकू येतं : पोरं वाया चालली. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पुस्तक न वाचता त्यावर मत देणाऱ्याला आपण नावं ठेवतो, मग गेमलाही तोच न्याय लावायला हवा. म्हणून लासूर स्टेशनला घरी, भाच्याला शेजारी बसवून, मी दोन गेम खेळून पाहिले.

पहिला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’, 2020 सालचा. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, हातात दुर्गेचं त्रिशूळ. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. आपल्याकडच्या कलेतून इतकं देखणं काही उभं राहू शकतं, याचा आनंद झाला. पण वाट एकच. डावीकडचा दरवाजा दिसतो, उघडत नाही. गोष्टही चटकन संपते.

दुसरा पोलंडचा ‘द विचर 3’, 2015 सालचा. हा ओपन वर्ल्ड, म्हणजे रान मोकळं. कुठे जायचं ते खेळणारा ठरवतो. त्यात एक जहागीरदार आहे. त्याची बायको आणि मुलगी बेपत्ता. शोध घेताना कळतं की दारू पिऊन मारहाण करणाऱ्या याच माणसामुळे घर मोडलं. आता तो पश्चात्तापाने पिचलाय. त्याला माफ करावं का? इथे तलवार कामाची नाही, आणि तुम्ही आधी कुठे काय ठरवलंत त्यावर त्या घराचं पुढे काय होतं ते अवलंबून असतं. हे या गेमचं खरं बळ.

उणिवाही मोठ्या आहेत. नकाशाभर प्रश्नचिन्हं पेरलेली. समुद्रात होडी हाकत पेट्या गोळा करणं म्हणजे निव्वळ हमाली. मानलेली मुलगी संकटात आहे आणि नायक गावोगाव पत्ते खेळत बसलाय. शिवाय हा गेम प्रौढांसाठी आहे; आठवीतल्या मुलाच्या हाती तो देऊ नये.

खेळताना मला सारखी ‘दास्तान-ए-अमीर हमज़ा’ आठवत होती. लखनौच्या नवल किशोर प्रेसने तिचे 46 खंड छापले. तिलिस्म म्हणजे जादूचा अख्खा मुलूख. तो तोडायचा उपाय ‘लौह’ या पाटीवर उमटतो. अमर अय्यारच्या ‘ज़ंबील’ नावाच्या झोळीत काहीही मावतं. भाचा म्हणाला, “मामू, ही तर गेममधली बॅग!” मुख्य गोष्ट सोडून भटकणं दास्तानगोलाही आवडायचं. पण रात्री तो थांबायचा आणि लोक घरी जायचे. गेम स्वतःहून थांबत नाही, म्हणून घरातल्या मोठ्यांनी वेळ ठरवायची असते.

अकबराच्या चित्रशाळेने याच हमज़ाची सुमारे 1400 चित्रं काढली. ‘राजी’ पहाडी चित्रांतून घडते, तर हमज़ानाम्यातून गेम का घडू नये? अडचण आहे ती आपल्याच घरात. माझ्या वर्गात अमर अय्यार माहीत असलेली मुलं बोटांवर मोजावी लागतात. ज्याला गोष्टच माहीत नाही, तो तिचा गेम काय करणार?

मात्र दास्तानातलं सगळं उचलू नये. तिथे साहिर, म्हणजे जादूगार, बहुतेक वेळा एक तर मारला जातो किंवा नायकाच्या धर्मात येतो. तिसरी वाट क्वचितच. आजच्या मुलांना, मग ती मोहल्ल्यातली असोत की वाड्यावरची, तो पोलंडचा जहागीरदार अधिक शिकवतो : समोरचा वाईट आहे हे ठरवण्याआधी त्याच्या घरात डोकवावं लागतं. झोळी अमरची घ्यावी, न्याय हा घ्यावा. आणि तोवर निदान आपल्या मुलांना हमज़ाची गोष्ट सांगावी. त्याला कॉम्प्युटर लागत नाही.