निदान घरातच असेल तर

झोप लागत नाही, खाल्लेले अंगी लागत नाही, छातीत धडधडते, डोके सदा जड. ही तक्रार घेऊन तिशी-चाळिशीतील विवाहिता चिकित्सालयात आली म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची लेखणी सूतशेखर, ब्राह्मी वटी, सारस्वतारिष्ट अशा ठरलेल्या वाटेने चालू लागते. आठ-पंधरा दिवस उतार पडतो. महिन्याने तीच रुग्णा, तीच लक्षणे. मग आपण अनुपान बदलतो, मात्रा वाढवतो, पथ्य नीट पाळले नाही म्हणून तिलाच बोल लावतो. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिच्याऐवजी देणाऱ्या पतीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस बोलायचे आहे ते या दुसऱ्या खुर्चीविषयी.

मारहाणीचे वळ दिसतात. मानसिक छळाचे दिसत नाहीत. चारचौघांत पाणउतारा, माहेरच्या माणसांशी बोलण्यास मज्जाव, फोनची तपासणी, हातखर्चाच्या रुपयारुपयाचा हिशेब, आठवडा-आठवडा अबोला, मुले हिरावून घेण्याची धमकी, आणि या सर्वांवर कळस म्हणजे ‘असे मी बोललोच नाही, तुलाच भास होतात’ हे पालुपद. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकात घरातील दिव्यांची ज्योत मंद होते हे पत्नीला स्पष्ट दिसत असते आणि तिचे डोके फिरत चालले आहे हे तिच्या गळी उतरविण्याचा पतीचा खटाटोप चाललेला असतो. अशा छळाला इंग्रजीत त्या नाटकावरूनच नाव पडले. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा आघात धी, धृती व स्मृती या तिहींवर एकदम होतो. आपल्याच आठवणीवरचा विश्वास उडालेली स्त्री वैद्यापुढे बसते तेव्हा ‘मला त्रास दिला जातो’ असे म्हणत नाही. ‘माझेच काहीतरी चुकते’ असे म्हणते. विषाद, सततची भीती, दचकून जागे होणे, जगणे नकोसे वाटणे ही पुढची पायरी असते, आणि ते घर सोडल्यानंतरही ती पुष्कळदा वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

हे अपवादात्मक आहे असे कोणी समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांनी पतीकडून भावनिक हिंसा सोसल्याचे सांगितले, म्हणजे साधारणतः सातांत एक. अनोळखी प्रश्नकर्त्यापुढे ज्यांनी तोंड उघडले त्यांचाच हा आकडा आहे.

या विषयात आयुर्वेदाने काय सांगायचे, असे आमच्याच काही मित्रांचे म्हणणे असते. वस्तुतः आपल्या संहितांनी याविषयी जेवढे स्पष्ट सांगितले आहे तेवढे आपण व्यवहारात आणत नाही. चरकाच्या विमानस्थानातील दुसरा अध्याय उघडून पाहावा. मोजके आणि पथ्यकर अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या आणि जागरण यांमुळे पचत नाही, असे तेथे सांगितले आहे. दुःखशय्येचा अर्थ अंथरुणाच्या खडबडीतपणापुरता घ्यायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. अतिसाराच्या अध्यायात भयज व शोकज असे दोन मानस अतिसार वेगळे गणून, वातघ्न उपचारांच्या जोडीने हर्षण व आश्वासन सांगितले आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्य भावांच्या यादीत रोग वाढविणाऱ्यांत विषादाला आणि गर्भधारणेस उपकारकांत सौमनस्याला अग्रस्थान आहे. क्रोध-शोकाने स्तन्य नाहीसे होते, हे सुश्रुताने नोंदविले आहे. तेव्हा वारंवार उलटणारे अम्लपित्त, हट्टी ग्रहणी, गर्भस्राव वा आटलेले दूध समोर असताना घरातील वातावरणाची चौकशी करणे हा आगाऊपणा ठरत नाही. तो प्रश्नपरीक्षेचाच भाग आहे.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. सत्त्वावजय म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणे, ही व्याख्या आपण सर्वांनी पाठ केली आहे. तिचा आधार घेऊन ‘ताई, मन खंबीर करा, तुम्हीच जरा समजून घ्या’ असा उपदेश सर्रास केला जातो. अहितकर विषय त्याच छपराखाली राहतो, त्याच ताटाशी जेवतो आणि रात्री दाराला आतून कडी घालतो, तेथे रुग्णेने मन कोठून आवरायचे? निदानपरिवर्जन हाच चिकित्सेचा सारांश, असे सुश्रुत सांगतो. धुळीने श्वास कोंडणाऱ्याला आपण धुळीपासून दूर राहावयास सांगतो, धूळ समजून घेण्यास सांगत नाही. प्रज्ञापराधाचे खापर रुग्णेवर फोडणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यांनी सूत्रस्थानाचा सातवा अध्याय पुन्हा वाचावा. कठोर, अतिरेकी, चहाडीचे, खोटे आणि अवेळी बोलणे यांचा वेग आवरावा, असे तेथे धारणीय वेगांत सांगितले आहे. हा वेग बोलणाऱ्याने आवरायचा आहे. ऐकणाऱ्याने सोसावे असे आचार्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

आता त्याहून नाजूक बाब. ‘हिचे डोके ठिकाणावर नसते, तुम्ही कागदावर तसे लिहून द्या’ अशी विनंती पतीकडून होते, आणि ओळखीपाळखीच्या भिडेने ‘उन्माद’ किंवा ‘मनोविकृती’ असा शब्द केसपेपरवर उमटतो. हा शब्द तेथेच राहत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३ मध्ये विशिष्ट स्वरूपाचा मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. मुलांच्या ताब्याच्या वादातही असे कागद बाहेर काढले जातात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार मानसिक आजार ठरविणे हे मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांप्रमाणेच झाले पाहिजे. त्याच कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. हा मान मिळाला असताना पतीच्या सांगण्यावरून निदान लिहिणे आपल्या शास्त्रालाही शोभत नाही. रुग्णेने जे सांगितले ते तिच्या शब्दांत, तारखेसह लिहावे, लक्षणे लिहावीत, पतीचे म्हणणे लिहायचेच झाले तर ते पतीचे म्हणणे म्हणूनच लिहावे.

औषधी दुकानदार बंधूंसाठीही दोन शब्द. ‘बायको फार चिडचिड करते, दुधातून देता येईल असे काहीतरी शांत करणारे द्या’ ही मागणी आपल्या गल्ल्यावर नवीन नाही. जिच्यासाठी औषध न्यायचे ती समोर नाही, तिला ते ठाऊकही नाही, आणि आपण वनस्पतीच तर आहे म्हणून पुडी बांधून देतो. औषधे निर्धोक असली तरी न सांगता पाजणे हाच मुळात छळ आहे. त्यातून भांग, धोत्रा यांसारखी ई(१) अनुसूचीतील द्रव्ये असलेले कल्प तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाचे असतात, हे लेबलावरच छापलेले असते. अशा गिऱ्हाइकास ‘त्यांना घेऊन या, वैद्यांना दाखवा’ एवढेच सांगून परत पाठवावे. दोन-चारशे रुपयांची विक्री बुडेल, ती बुडू द्यावी.

कायद्याच्या बाजूने पाहता, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असून त्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचा स्पष्ट अंतर्भाव आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आले असून क्रूरतेच्या व्याख्येत मानसिक आरोग्यास होणारी गंभीर इजाही धरलेली आहे. संरक्षण अधिकाऱ्यास सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. तथापि रुग्णेच्या संमतीवाचून अशी माहिती देण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. त्या संध्याकाळी घरी परतायचे असते ते तिला. पती-पत्नींना एकत्र बसवून समेट घडविण्याचा वडीलकीचा उत्साहही आवरावा. एकत्र बैठकीत ती जे बोलेल त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने सार्वजनिक रुग्णालयातच अशा स्त्रियांसाठी समुपदेशनाची सोय केली. आपल्या गावात तशी सोय कोठे आहे, हे प्रत्येक वैद्याने आधीच शोधून ठेवावे. आत्मघाताचे विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णेस तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे. तेथे ब्राह्मीवर विसंबून राहणे धोक्याचे. पत्नीच्या छळाने खचलेले पुरुषही येतात. ते संकोचाने अधिकच गप्प असतात, तेव्हा त्यांनाही हेच प्रश्न विचारावेत.

विचारायचे कसे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत, येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची सरसकट चाचपणी करण्यापेक्षा लक्षणे तशी दिसताच विचारावे, आणि खाजगीत विचारावे, असे म्हटले आहे. ‘घरी कोणाची भीती वाटते का?’ एवढा साधा प्रश्न पुरेसा होतो. उत्तर आले नाही तर ताणू नये. पुढच्या खेपेस येते. पतीस बाहेर जा म्हणणे अवघड वाटते, म्हणून नाडीपरीक्षेच्या वेळी रुग्णासोबतच्या कोणीही आत थांबू नये, असा नियम स्त्री-पुरुष सर्व रुग्णांसाठी करून टाकावा व तशी पाटी लावावी. मग त्यात संशयास जागा राहत नाही. स्त्रियांसाठीचा १८१ व मानसिक आधारासाठीचा ‘टेली-मानस’चा १४४१६ हे क्रमांक तिला तोंडी सांगावेत, केसपेपरवर लिहून देऊ नयेत. घरी तो कागद कोण वाचतो, हे आपणांस ठाऊक नसते.