काटा अडला, म्हणून भाकरी सोडायची?

गल्लोगल्ली 'वजन घटवा' क्लब निघालेत. पहिले दोन महिने काटा खाली येतो, मग अडतो. लगेच फर्मान: भात बंद, भाकरी बंद, पुरणपोळीचं नाव काढायचं नाही. आणि हा घ्या पावडरचा नवा डबा!

अहो, काटा अडणं हा काही आजार नव्हे. शरीर हलकं झालं की त्याला ऊर्जाही कमी लागते. ज्या जेवणावर आधी वजन उतरत होतं, तेच आता पुरेपूर खर्ची पडतं. एवढं साधं गणित लपवून धंदा चाललाय.

एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. आधी ते मोजा. मिसळ खुशाल खा. मटकी वाढवा, फरसाण आणि तर्री निम्मी करा. भाकरीसोबत उसळ, अंडी घ्या. आठवड्यातून दोनदा जोर-बैठका मारा, म्हणजे स्नायू टिकतील.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला म्हणते. पण चालायचं कुठं? फुटपाथवर टपऱ्या, मैदानात बारमाही मंडप! मतं मागायला दारात येतील, तेव्हा हे विचारा. भाकरीला कशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता?