पहिले पाच शब्द
11 सप्टेंबर 1893, शिकागो. सर्वधर्म परिषदेचा पहिलाच दिवस. एकेक वक्ता तयारीनिशी बोलून जात होता आणि 30 वर्षांचे स्वामी विवेकानंद आपली पाळी पुढे ढकलत होते. जीभ कोरडी पडली होती, सकाळी बोलायला उठायचे धाडसच झाले नाही, असे त्यांनीच पुढे पत्रात लिहिले. हाती टिपणही नव्हते. दुपारी अखेर सरस्वतीला मनोमन वंदन करून ते उभे राहिले आणि ‘अमेरिकेतील भगिनींनो आणि बंधूंनो’ एवढेच म्हणाले. मूळ इंग्रजीत हे पाच शब्द. ना किस्सा, ना सुभाषित, ना माफीनामा. तरी टाळ्या दोन मिनिटे चालल्या. पुढचे सगळे भाषणही पाचशेच्या आतल्या शब्दांत आटोपले. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी 2010 साली तेच भाषण शिकागोच्या त्याच वास्तूतल्या, म्हणजे आजच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या, जिन्यावर दिव्यांच्या अक्षरांत मांडले. आपल्याकडेही भाषण संबोधनानेच सुरू होते, पण ते ‘व्यासपीठावरील सन्माननीय’पासून. मग अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, आजी-माजी पदाधिकारी; तेवढ्यात मागून चिठ्ठी येते, एक नाव राहिलेले असते. ‘बंधू-भगिनींनो’ची पाळी येईपर्यंत मागच्या रांगेत चहाची चौकशी सुरू झालेली असते. वास्तविक ही सगळी नावे सूत्रसंचालकाने आधीच दोनदा घेतलेली असतात. वक्त्याने ती यादी खुशाल गाळावी; रुसलेच कोणी, तर चहाच्या वेळी समजूत काढता येते.