प्रवासाची वही

आमच्या घरी आजोबांच्या काळची लाल बांधणीची एक वही जपून ठेवलेली आहे. तीत सम्मेदशिखरजीच्या यात्रेचा खर्च पैपैने मांडला आहे : रेल्वेभाडे, धर्मशाळेस दिलेली देणगी, डोलीवाल्यांची मजुरी. आजीही त्या यात्रेत होती, हे केवळ डोलीच्या रकमेवरून कळते. पहाडावर पोहोचल्यावर तिच्या मनात काय आले, याची नोंद कोठेही नाही.

ही वही हाती आली की पंडिता रमाबाईंची आठवण होते. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ च्या आरंभी इंग्लंडहून फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. १८८९ मध्ये त्यांचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रवासवर्णन म्हणजे प्रेक्षणीय स्थळांची जंत्री, असे मानणाऱ्याने तो अवश्य चाळावा. समुद्रप्रवासाची हकिकत आरंभीच आटोपते. पुढे राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, स्त्रियांची स्थिती आणि व्यापारउदीम यांचा विचार येतो. तेथील स्त्रिया एकत्र येऊन संस्था कशा चालवतात, हे रमाबाईंनी बारकाईने टिपले. त्याच देशातील वर्णभेदावरही त्यांनी परखडपणे लिहिले. पाहिलेले केवळ कागदावर राहिले नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले.

पार्वतीबाई आठवले यांचा प्रवास निराळा. त्या बाया कर्वे यांच्या भगिनी. तरुणपणीच वैधव्य आलेल्या. हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ मध्ये, त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी जेमतेम, गाठीला पैसा थोडा. म्हणून परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी निर्वाह केला. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी संकोच न बाळगता सांगितले आहे. एक विदुषी आणि एक कष्टकरी. परंतु परदेशी काय पाहिले व काय कमावले, याचा हिशेब दोघींनीही आपल्या माणसांपुढे स्वतःच्या शब्दांत मांडला.

आपल्या घरांतील स्त्रियांनी प्रवास केला नाही, असे थोडेच आहे? शिखरजी, गिरनार, श्रवणबेळगोळ येथे त्या गेल्या. लग्न होऊन दूरच्या बाजारपेठांच्या गावी नांदल्या, नवी भाषा शिकल्या. दिवसाचा जमाखर्च मांडल्यावाचून पेढीचा दिवा मालवायचा नाही, ही आपली रीत. त्या नोंदीत मात्र खर्च आला, स्त्रीचा अनुभव आला नाही.

माझ्या आजीला विचारायचे राहून गेले. वाचकहो, आपल्या घरी आजी, आत्या, मोठ्या काकू असतील, तर येत्या चातुर्मासात एक कोरी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. “तुम्ही प्रथम घराबाहेर पडलात तेव्हा काय पाहिलेत?” एवढेच विचारा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.