हृदय नवे, चाल सावकाश

हृदय प्रत्यारोपणानंतर घरचे रुग्णाला मायेने झोपवून ठेवतात. पण पडून राहिल्याने स्नायू खंगतात, स्टेरॉइडनेही त्यात भर पडते. शस्त्रक्रियेत हृदयाचे मज्जातंतू कापले जातात. म्हणून चालू लागताच ठोके वाढत नाहीत. रक्तातले अ‍ॅड्रिनलिन पोहोचले की हळूहळू वाढतात, थांबल्यावर सावकाश उतरतात. तेव्हा नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर शहपुऱ्यातल्या आपल्या गल्लीतही सुरुवात करता येते. आधी 10 मिनिटे संथ, मग बोलता येईल इतके भरभर, शेवटी पुन्हा संथ. चक्कर, धाप किंवा फार थकवा जाणवला तर थांबा, डॉक्टरांना कळवा. अशा हृदयात त्रास असूनही छाती दुखेलच असे नाही.

प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक स्पर्धा 1978 मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला सुरू झाल्या. आपल्याला पदक नको. पण रोज कोणीतरी सोबत चालायला हवे.