डांबराआधी पाण्याला वाट

पावसाळा सरला, की कोकणातील रस्त्यांच्या कडेला खडीचे ढीग आणि डांबराची पिंपे दिसू लागतात. निवळीजवळ मुंबई-गोवा महामार्ग सोडून जाकादेवीवरून गणपतीपुळ्यास जाणारा मार्ग हा अशाच रस्त्यांपैकी एक. झिजलेल्या रस्त्यावर काळाभोर थर पसरला, की प्रवाशांस हायसे वाटते, लोकप्रतिनिधींस श्रेय लाभते आणि खात्याच्या दप्तरी काम पुरे झाल्याची नोंद होते. परंतु तो थर पुढच्या श्रावणापर्यंत टिकणार काय, हे विचारण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. ते आज घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. डांबराचा खरा वैरी हे पाणी. ते भेगांतून आत शिरते, खडी व डांबर यांची पकड सोडवते आणि वरून चाक गेले, की खडी उखडते. खालचा पाया भिजून मऊ झाला, तर वरचा थर कितीही जाड असो, तो खचणारच. पायाची जमीन कोरडी राखा, भार तीच पेलते, हे मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले. डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या आमच्या रस्त्यांची गटारे मात्र तांबड्या मातीने बुजलेली आणि मोऱ्या पाचोळ्याने तुंबलेल्या! मग उतारावरचे पाणी रस्त्यालाच ओढा समजून वाहू लागले, तर दोष पाण्याचा कसा? आणि चतुर्थीस चाकरमानी येणार म्हणून ऐन पावसात ओल्या खड्ड्यांत ओतलेली खडी विसर्जनापर्यंतही टिकली नाही, तर नवल ते काय?

दुसरे कारण भाराचे. निवळीपासून चाफ्यापर्यंत भाविकांच्या मोटारी आणि जयगड बंदराची अवजड वाहने यांची वाट एकच आहे. एका आसावरील भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते, हे अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. हा फरक आकड्यांत किरकोळ दिसतो, परंतु याच हिशेबाने झीज दीडपटीहून अधिक वाढते. रस्ते मात्र त्या प्रमाणात भक्कम केले गेले काय?

पैसा नाही, ही सबब पटणारी नाही. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९२९ साली पेट्रोलवरील कराचा काही अंश रस्त्यांसाठी राखून ठेवण्यास प्रारंभ झाला. तेव्हापासून वाहनात तेल भरणारा प्रत्येक जण रस्त्याचे मोल मोजीत आला आहे. त्या पैशाचा हिशेब विचारणे हा त्याचा हक्क होय.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की आधी गटारे उपसावीत, मोऱ्या मोकळ्या कराव्यात, खचलेला पाया नवा घालावा आणि मगच डांबरास हात लावावा. हे सारे काम मे महिन्याच्या मध्यापूर्वी संपावे. अवजड वाहनांचे वजन नियमाने तपासले जावे. ठेकेदाराचे नाव, कामाचा खर्च आणि दुरुस्तीच्या हमीची मुदत रस्त्याच्या कडेस फलकावर लिहावी, आणि पहिल्या पावसानंतर अधिकाऱ्यांनी पाहणी करून उखडलेला भाग ठेकेदाराकडून त्याच्याच खर्चाने दुरुस्त करून घ्यावा.

हा रस्ता केवळ देवदर्शनाचा नव्हे. मालगुंडच्या रुग्णास रत्नागिरीचे रुग्णालय गाठायचे असते आणि बागायतदाराच्या आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात धडपणे पोहोचायच्या असतात. भाविक वर्षातून एकदा येतो व खड्डे विसरून जातो. येथील रहिवाशास ते रोज मोजावे लागतात. नूतनीकरणाचे यश उद्घाटनाच्या दिवशी दिसणाऱ्या काळ्या चकाकीवरून ठरवू नये. तिसरा पावसाळा गेल्यावर तो रस्ता कसा दिसतो, यावरून ते ठरवावे.