खांद्याला विचारून बेस घ्या!

या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतून आलेलं एक पत्र आहे. नववीतली मैत्रीण लिहिते, "आमच्या शाळेच्या बँडमध्ये गिटारवाले तीन आणि बेसवाला एकही नाही. म्हणून मीच बेस गिटार शिकणार आहे. आजीने दिलेले आणि मी साठवलेले मिळून पंधरा हजार जमलेत. बाबा म्हणाले, एकदाच काय ते घे, परत मागायचं नाही. एक दादा सांगतो, लाकूड जितकं जड तितका आवाज भारी. खरं का हो?"

पंधरा हजार म्हणजे काही चेष्टा नाही. तेव्हा नीटच बघू या.

दादाचं म्हणणं मीही कॉलेजात असताना ऐकलं होतं. ऐकून एक जुना, चांगला पाच किलोंचा धोंडा विकत घेतला. दोन गाणी झाली की डावा खांदा बोलायला लागायचा! (आवाज म्हणाल तर अगदी साधा.)

गंमत अशी, की जी गोष्ट एका वाद्याला लागू, ती दुसऱ्याला लागू असेलच असं नाही. आपल्या मिरजेचे तंबोरे घ्या. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्यात तार छेडली की खालचा पोकळ भोपळा आणि वरची लाकडी तबकडी दोन्ही थरथरतात. तो आवाज मोठा करायला दुसरं कुणी नसतंच. तिथं लाकूड कसं आहे, किती मुरलंय, यावर सगळं अवलंबून!

इलेक्ट्रिक बेसची बॉडी मात्र बहुतेक वेळा भरीव लाकडाची असते. तारेखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज तयार होते. फॅरेडेसाहेबांनी 1831 साली शोधलेलं तत्त्व, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलंच. ती वीज अँप्लिफायरमध्ये जाते आणि तिथून आवाज येतो. म्हणून बेसच्या आवाजात पिकअप, तारा, अँप आणि तुझी बोटं यांचा वाटा मोठा, लाकडाचा छोटा.

स्वस्तातल्या बेसमध्ये बहुधा पॉपलर नाहीतर बासवूड असतं. इंग्रजी स्पेलिंगात 'बासवूड' आणि 'बेस' सारखेच दिसतात, पण दोघांचं काही नातं नाही बरं! बासवूड हे लिंडनच्या झाडाचं लाकूड. मऊ असतं, कपाटावर आपटलं तर खळगा पडतो. पण म्हणून ते वाईट ठरत नाही.

आणि 'भारी' लाकूड जडच असतं असंही नाही. लिओ फेंडर नावाचे एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! 1951 साली त्यांनी कॅलिफोर्नियात जो बेस बाजारात आणला, त्याची बॉडी ॲश नावाच्या लाकडाची होती. पुढे गिटारवाल्यांत मान मिळाला तो मिसिसिपीकाठच्या दलदलीतल्या हलक्या ॲशला. आता आशियातून तिकडे पोचलेल्या एका हिरव्या भुंग्याच्या अळ्यांनी ॲशची कोट्यवधी झाडं मारली, त्यात पुराचं पाणी लांबत गेलं. शेवटी 2020 साली फेंडर कंपनीनं नेहमीच्या गिटारींसाठी ॲश वापरणं थांबवलं.

आता वजनाचं बोलू. बेस साधारण साडेतीन ते साडेचार किलो भरतो. दप्तराचं वजन आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, असं 2020 चं दप्तर धोरण सांगतं. तू पंचेचाळीस किलोंची असशील, तर साडेचार किलोंचा बेस म्हणजे आख्खं दप्तर, तेही एकाच खांद्यावर! वजनकाट्यावर आधी नुसती उभी राहा, मग बेस घेऊन. काटा नसेल तर रद्दीवाल्या काकांकडे असतोच.

पण नुसत्या हलक्यावरही भाळू नकोस. बॉडी फार हलकी आणि टोकाच्या चाव्या जड असल्या, की पट्ट्यावर टांगल्यावर बेसची मान खाली झुकते. मग डावा हात वाजवणार कधी? मान सावरण्यातच जायचा. दुकानात पट्टा लाव, उभी राहा आणि दोन्ही हात सोड (दुकानदारकाकांना आधी सांग हं, नाहीतर त्यांच्या छातीत धस्स होईल). बेस जागच्या जागी राहिला तर पास. बोटं लांबवर पोचत नसतील तर 34 इंची ऐवजी 30 इंची तारेचा छोटा बेस मागून बघ. फ्रेटच्या कडेवरून बोट फिरव, खरचटता कामा नये. प्रत्येक फ्रेटवर एकेक सूर वाजव, कुठं खरखरतंय का ते ऐक.

फोनवरच्या व्हिडिओत आवाज ऐकून मात्र ठरवू नकोस. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तो सूर धड काढताच येत नाही.

आणि सगळे पंधरा हजार बेसवर घालवलेस तर वाजवशील कशावर? अँपशिवाय तो तुझ्या शेजारच्यालाही ऐकू जायचा नाही. रुंद पट्टा, वायर आणि हेडफोनला जोडायचा छोटा अँप यांसाठी तीन-चार हजार बाजूला ठेव. उरलेल्यात नवा बसत नसेल तर चांगला वापरलेला बघ, पण वाजवणाऱ्या कुणाला तरी सोबत ने.

घेतलास की कळव. पत्रात वजनाचा आकडा हवाच!